अठ्ठेचाळीस तासांच्या आत

अमेरिकेत फ्लूची लस घ्यायचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. आमच्या ऑफिसचे फोन मात्र वाजू लागतात जानेवारीत. मधले तीन महिने लोक काय करतात, हे आता मला पाठ झालं आहे. पहिला आठवडा ‘लस घेतली की हात दुखायचाच’ असं म्हणण्यात जातो. पुढचे दोन-तीन आठवडे शेक आणि वेदनाशामक गोळ्या. मग थँक्सगिव्हिंग येतं, ख्रिसमस येतो, घरात पाहुणे असतात. अशात एखाद्या रात्री कुशीवर वळताना खांद्यातून अशी कळ जाते की माणूस उठून बसतो आणि सकाळी पहिल्यांदा डॉक्टरला फोन लावतो. आमच्यापर्यंत तो पोहोचतो त्यानंतर.

फिलाडेल्फियाजवळच्या एका लहानशा वकिली फर्ममध्ये मी पॅरालीगल, म्हणजे वकिलांची साहाय्यक आहे. लसीमुळे इजा झालेल्यांचे भरपाईचे दावे हे आमचं मुख्य काम. मूळची मी फिजिओथेरपिस्ट. सांगलीत शिकले, मिरजेत काही वर्षं रुग्ण पाहिले. लग्न होऊन इकडे आले तेव्हा डिपेंडंट व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. ती मिळेपर्यंत पुन्हा परीक्षा देऊन इथलं लायसन्स काढायची उमेद आटली होती. या फर्मला मेडिकल रेकॉर्ड वाचून समजणारं माणूस हवं होतं, आणि त्यांच्याकडचे बहुतेक दावे निघाले खांद्याचे. एके काळी खांदा हातात धरून तो कुठे अडतो ते पाहायची. आता तेच कागदावरून पाहते.

या दुखण्याला इथे ‘सिर्वा’ म्हणतात. लस टोचताना खांद्याला झालेली इजा, असा त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ. लस द्यायची असते दंडाच्या त्रिकोणी स्नायूत, खांद्याच्या वरच्या हाडाच्या दोन-तीन बोटं खाली. सुई त्याहून वर गेली, किंवा सडपातळ माणसाला लांब सुई वापरली, तर ती स्नायू ओलांडून आतल्या बर्सा नावाच्या पातळ पिशवीत किंवा तिच्या खालच्या स्नायुबंधांपर्यंत पोहोचू शकते. लसीचं कामच मुळी शरीराची प्रतिकारशक्ती जागी करायचं. स्नायूत ते काम बिनबोभाट होतं, सांध्याच्या आतल्या बाजूला मात्र त्यातून दाह पेटतो. काही तासांतच खांदा ठणकायला लागतो. माणूस दुखतो म्हणून हात हलवत नाही, आणि हलवला नाही म्हणून सांधा आखडत जातो. पुढे एमआरआय, कॉर्टिझोनचं इंजेक्शन, महिनोन्महिने फिजिओथेरपी, आणि काहींच्या नशिबी शस्त्रक्रिया.

कोट्यवधी लोक दर वर्षी लस घेतात आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातात. त्यातल्या फार थोड्यांच्या वाट्याला हे येतं. म्हणूनच फार उशिरापर्यंत डॉक्टरांनाही हे एक वेगळं दुखणं आहे असं वाटत नव्हतं. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन डॉक्टरांनी ‘व्हॅक्सिन’ या नियतकालिकात दोन रुग्णांची हकिगत छापली. २०१० मध्ये त्याच नियतकालिकात आणखी तेरा रुग्णांचा अभ्यास आला. तो लिहिणारे बहुतेक डॉक्टर होते अमेरिकन सरकारच्या भरपाई कार्यक्रमातलेच. दावेदारांच्या फायली वाचता वाचता त्यांना एकसारखं चित्र दिसू लागलं होतं. बहुतेकांचं दुखणं चोवीस तासांच्या आत सुरू झालेलं, आणि जवळजवळ निम्म्यांची तक्रार अशी की सुई फार वर टोचली. दाव्याला विरोध करण्यासाठी वाचलेल्या कागदांतून एका आजाराचं वर्णन तयार झालं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

हा भरपाई कार्यक्रम कसा उभा राहिला ते थोडं सांगायला हवं. १९८०च्या दशकात डांग्या खोकल्याच्या लसीवरून अमेरिकेत खटल्यांची रांग लागली. लसीमुळे मुलांच्या मेंदूला इजा झाली, असं पालकांचं म्हणणं होतं. ज्युरी मोठमोठ्या रकमा देऊ लागल्या, तशा कंपन्या एकामागून एक लस बनवणं सोडू लागल्या. लसच मिळेनाशी होईल अशी वेळ आली, तेव्हा संसदेने १९८६ मध्ये कायदा केला आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी काहीशा नाखुशीनेच त्यावर सही केली. १ ऑक्टोबर १९८८ पासून कार्यक्रम सुरू झाला. लसीच्या प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांपासून वाचवते त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर आकारला जातो. फ्लूच्या लसीवर ७५ सेंट, तर धनुर्वात-घटसर-डांग्या खोकला अशा तिहेरी लसीवर सव्वादोन डॉलर. त्यातून एक निधी जमतो आणि ज्याला इजा झाली त्याला त्या निधीतून भरपाई मिळते. कंपनीवर किंवा सुई टोचणाऱ्यावर थेट खटला भरायचा नाही. आधी इथे यायचं.

कायदा झाला मुलांसाठी, पण २००५ मध्ये फ्लूची लस या कार्यक्रमात आली आणि दावेदारांचं सरासरी वय बदललं. २१ मार्च २०१७ पासून सिर्वाचं नाव सरकारच्या अधिकृत तक्त्यात दाखल झालं. तक्त्यात असण्याला फार किंमत आहे. अटी पूर्ण झाल्या की लसीमुळेच हे झालं असं कायदा गृहीत धरतो. दावेदाराला वेगळा शास्त्रीय पुरावा उभा करावा लागत नाही. त्यानंतर दाखल होणाऱ्या दाव्यांत निम्म्याहून अधिक खांद्याचेच असू लागले.

अटी चार. त्या खांद्याला पूर्वीचं दुखणं नसावं. दुखणं लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेलं असावं. वेदना आणि हालचालीतली अडचण लस टोचलेल्या त्याच खांद्यापुरती असावी. आणि त्या लक्षणांचं दुसरं कारण दिसू नये. शिवाय इजेच्या इतर दाव्यांनाही सहसा लागू असलेल्या दोन गोष्टी: त्रास सहा महिन्यांहून अधिक टिकलेला असावा, आणि पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल व्हावा.

वाचायला हे सोपं आहे. माझा सगळा दिवस मात्र दुसऱ्या अटीत जातो. दुखणं केव्हा सुरू झालं हे माणसाला ठाऊक असतं, ते कागदाला ठाऊक आहे का, हे मी शोधत असते. पाच आठवड्यांपूर्वी लस घेतलेली बाई डॉक्टरकडे सर्दीसाठी जाते, खांद्याबद्दल बोलतच नाही, आणि डॉक्टरच्या संगणकात आपोआप उमटतं, ‘सांधे: तक्रार नाही’. पुढे ती खांद्यासाठी जाते तेव्हा नर्स विचारते, “कधीपासून?” बाई म्हणते, “झाले दोन-तीन आठवडे.” माणसं अशीच बोलतात. पण ही ओळ दोन वर्षांनी वॉशिंग्टनमधला सरकारी वकील अधोरेखित करतो, कारण त्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब लसीच्या तारखेपर्यंत पोहोचत नाही.

एका स्कूलबस चालकाचा दावा आठवतो. दुखत होता डावा खांदा. डॉक्टर, फिजिओ, एमआरआय, सगळीकडे डावाच. औषधाच्या दुकानातून लसीकरणाचा दाखला आला, त्यावर उजवा दंड. दुकानांतल्या संगणकात बाजू निवडायची एक यादी असते आणि घाईत जी समोर दिसेल तिच्यावर बोट पडतं. माणूस रडकुंडीला आला. “माझा हात मला माहीत नाही का?” तो विचारत होता. आम्ही कामाला लागलो. लस घेतल्यावर चारच दिवसांनी त्याने डॉक्टरला ऑनलाइन निरोप पाठवला होता, त्यात ‘जिथे सुई टोचली तो डावा हात’ असे शब्द होते. तेवढ्यावर दावा तरला. दुखण्याच्या पहिल्या दिवसांत सहज लिहिलेलं वाक्य पुढे वकिलाने लिहिलेल्या पानभर युक्तिवादापेक्षा जड ठरतं, हे मी तिथे शिकले. जखम ताजी असताना माणसाला भरपाईचा विचारही शिवलेला नसतो, म्हणून न्यायालय त्या शब्दांवर विश्वास ठेवतं.

मराठी माणूस या कामात भेटेल असं मला वाटलं नव्हतं. भेटल्या त्या कराडच्या एक काकू. (ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत.) लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीत आल्या होत्या. बाळाला जे जे हातात घेणार त्या सगळ्यांनी डांग्या खोकल्याची लस घ्या, असं इथले डॉक्टर सांगतात. त्याप्रमाणे जावयाने त्यांना औषधाच्या दुकानात नेलं. थंडीचे दिवस, अंगात स्वेटर, बाही वर सरकेना. मग गळ्याकडून कपडा बाजूला ओढून खांद्याचा वरचा भाग उघडा केला. लस देणारी मुलगी उभी, काकू खुर्चीत. त्याच रात्री हात जड झाला. दुसऱ्या दिवशी तो डोक्यापर्यंत जाईना.

आणि काकूंनी हे कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. चार दिवसांनी लेक बाळंत झाली. मग बाळाला तेल लावणं, अंघोळ, लेकीला शेक, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर. पातेलं उजव्या हाताने उचलायचं, डावा कमरेशी धरून ठेवायचा. लेकीने एकदा विचारलं तर, “झोपताना अवघडला असेल गं,” म्हणून वेळ मारून नेली. डॉक्टरकडे न जाण्याला आणखी एक कारण होतं. परदेशातून आलेल्या आईवडिलांसाठी जो प्रवासी विमा काढतात, त्यात सुरुवातीचा बराच खर्च आपल्याच खिशातून जातो. जावयाला भुर्दंड नको, हा हिशेब काकूंनी मनातल्या मनात केला होता. कराडला परतल्यावर, लस घेतल्याला पाच महिने झाले तेव्हा, त्या हाडांच्या डॉक्टरकडे गेल्या. तोवर खांदा गोठलेला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक ओळ: ‘डावा खांदा, पाच महिने वेदना, मधुमेह’.

लेकीने पुढे कुठे तरी वाचून आमच्याकडे फोन केला. पहिला प्रश्न, आई अमेरिकेची नागरिक नाही, चालेल का? चालतं. लस अमेरिकेत घेतलेली असावी लागते. पासपोर्ट कुठला ते विचारलं जात नाही. दुसरा प्रश्न, वकिलाला किती टक्के? इथे इतर अपघात दाव्यांत वकील मिळालेल्या रकमेचा साधारण तिसरा हिस्सा घेतात, म्हणून हा प्रश्न सगळेच विचारतात. या कायद्यात वकिलाने अशिलाकडून फी घ्यायचीच नाही. ती न्यायालय ठरवतं आणि निधीतून वेगळी देतं. दावा प्रामाणिक असेल आणि त्याला आधार असेल, तर हरल्यावरही देतं. ही तरतूद नसती तर काकूंसारख्यांच्या फायली कुणी हातात घेतल्या नसत्या.

काकूंशी मी व्हिडिओ कॉलवर बोलले. मराठी ऐकून त्या मोकळ्या झाल्या.

“अगं, मी काही त्या लशीच्या विरुद्ध नाही हं,” त्यांनी आधीच सांगून टाकलं. “नातवाच्या सगळ्या लशी वेळच्या वेळी द्यायला लावल्यात मी.”

“काकू, दुखण्याचं तुम्ही त्या दिवसांत कुणाला तरी बोलला असाल. आठवून बघा बरं.”

“लेकीला नाही सांगितलं. ओल्या अंगाची होती ती.”

“आणि कराडला? बहिणीला, शेजारी कुणाला?”

बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सुमीला पाठवलं होतं बहुतेक, मोबाइलवर.” सुमी म्हणजे धाकटी जाऊ. तिच्या फोनमध्ये तो निरोप सापडला. लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, आणि मजकूर: काल सुई टोचल्यापासून हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही, इथे कुणाला बोलू नको. ज्या निरोपात हे गुपित ठेवायची विनंती होती, तोच त्यांच्या दाव्यातला सगळ्यात भक्कम पुरावा ठरला. त्याचं प्रमाणित भाषांतर करून घेतलं. मी फर्मचीच असल्याने ते मला करता येणार नव्हतं.

सरकारी बाजूने उत्तर आलं ते दोन मुद्द्यांवर. या उत्तराला आम्ही ‘फोर-सी रिपोर्ट’ म्हणतो. आरोग्य खात्याचे डॉक्टर फाइल तपासतात, न्याय खात्याचा वकील लिहितो, आणि त्याला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. पहिला मुद्दा: पाच महिने उपचार नाही. दुसरा: मधुमेही माणसाचा खांदा असाही गोठतो. दुसरा मुद्दा खोटा नव्हता. मिरजेत मी असे कितीतरी खांदे पाहिले होते. पण तेच पाहिल्यामुळे मला फरकही ठाऊक होता. मधुमेहाचा खांदा कुरकुरत, हळूहळू आखडतो. एका रात्रीत वेणी घालणं सुटत नाही. काकूंची साखरेची जुनी तपासणीपत्रं मागवली. ती बरीचशी आटोक्यातली होती. दुसरा खांदा पूर्ण फिरत होता. कराडच्या फिजिओने प्रत्येक भेटीला हात किती अंश वर जातो ते लिहून ठेवलं होतं. त्या अनोळखी मुलीचे मी मनोमन आभार मानले. हे सगळं मांडून आमच्या वकिलांनी तडजोडीचा प्रस्ताव दिला आणि तो मान्य झाला.

तडजोडीचा कागद वाचून काकू बुचकळ्यात पडल्या. त्यात लिहिलं होतं की लसीमुळे इजा झाली हे सरकारला मान्य नाही, तरीही उभय पक्ष अमुक रकमेवर दावा मिटवत आहेत.

“म्हणजे मी खोटं बोलते असंच म्हणतायत ना?”

“नाही काकू. ती लिहायची रीत आहे.”

“रीत कसली? पैसे देतायत म्हणजे पटलंय की त्यांना.”

या तर्काला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांची दुसरी काळजी वेगळीच होती. या न्यायालयाचे निर्णय प्रसिद्ध होतात. “माझं नाव येणार? कराडात कळेल की मी अमेरिकेवर केस केली!” नाव झाकण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं नसतं, हे मी समजावून सांगितलं. शेवटी त्यांनीच निकाल दिला, “येऊ दे. काही चोरी केलेली नाही.”

दावा कुणाविरुद्ध असतो, हेही लोकांना चमत्कारिक वाटतं. कागदावर एका बाजूला अर्जदाराचं नाव आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकेचे आरोग्य सचिव. सुई टोचणारी व्यक्ती, औषधाचं दुकान, लस बनवणारी कंपनी, यातलं कुणीही त्यात नाही. वॉशिंग्टनमधल्या फेडरल क्लेम्स न्यायालयात हे दावे चालतात, तेही न्यायाधीशासमोर नव्हे तर ‘स्पेशल मास्टर’ म्हणवणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर. कायद्याने त्यांची संख्या आठावर बांधली आहे आणि दावे कितीतरी पटींनी वाढले तरी ती तेवढीच आहे. ज्युरी नाही. साक्षीदाराचा पिंजरा बहुतेक दाव्यांत बघावाही लागत नाही. वेदना आणि मनस्तापासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, हा आकडा १९८६ पासून एक डॉलरनेही वाढलेला नाही. खांद्याच्या दाव्यांत सहसा तिथवर कुणी पोहोचत नाही. शस्त्रक्रिया झाली असेल तर रक्कम बहुधा लाखाच्या पुढे जाते, नसेल तर बहुतेकदा आतच राहते. वेदनेची जाणीव, तीव्रता आणि किती काळ सोसली, या तीन गोष्टी पाहून ती ठरते.

तीव्रता ठरते कशावरून? पुन्हा कागदावरूनच. फिजिओ विचारतो, “दहापैकी किती दुखतं?” आणि सोशिक माणूस “तीन-चार” म्हणतो. हातवारे करून दहा सांगणारा माणूस पुढे अधिक भरपाई मिळवतो, हे मला सुरुवातीला फार खुपायचं. मध्येच तीन महिने उपचार सोडले तर ‘तितकं दुखत नसावं’ असा अर्थ लावला जातो. नोकरी सुटेल म्हणून किंवा घरी म्हातारं माणूस आहे म्हणून उपचार सोडणारे असतात, तो भाग शपथपत्रात लिहावा लागतो. ती शपथपत्रं लिहून घेणं हे माझं आवडतं काम. ‘हालचालीत मर्यादा’ असं मी लिहू देत नाही. अंतर्वस्त्राचा हूक मागे लावता येत नाही, गाडीचा सीटबेल्ट दुसऱ्या हाताने ओढून घ्यावा लागतो, मूल कडेवर घेता येत नाही, असं लिहा म्हणते. अंश आणि आकडे डॉक्टरांच्या कागदांत असतातच.

‘दोष सिद्ध करावा लागत नाही’ ही या व्यवस्थेची मोठी देणगी. आपल्याकडेही ही कल्पना अनोळखी नाही. मोटार अपघातातल्या मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी ती १९८२ मध्येच कायद्यात आली. पण सुईच्या इजेबाबत भारतात माणूस उरतो तो निष्काळजीपणा सिद्ध करण्याच्या वाटेवर. ग्राहक न्यायालयात जायचं म्हटलं तर १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, सगळ्यांनाच फुकट मिळणारी सेवा त्या कायद्यात बसत नाही. सरकारी केंद्रावर फुकट लस घेतलेल्याला तोही दरवाजा बंद. काकूंनी तीच लस कराडच्या आरोग्य केंद्रात घेतली असती, तर मी ही फाइल उघडलीच नसती.

पण दोष न शोधण्याची एक किंमतही आहे, आणि ती मी रोज पाहते. आमच्या बहुतेक अशिलांना पैशाआधी दुसरं काही तरी हवं असतं. “त्या मुलीला कळायला हवं, उद्या ती आणखी कुणाला असंच टोचेल,” हे वाक्य मी शब्द बदलून सतत ऐकते. आणि तिला कळत नाही. दाव्याची नोटीस दुकानाला जात नाही. दाखला मागायला आमचं पत्र जातं, तेव्हा तिथल्या कुणाच्या लक्षात आलं तर आलं. निधी पैसे देतो आणि सुई पुढच्या खांद्याकडे वळते. माफी मागायला समोर कुणी नसतंच.

याच मुद्द्यावरून २०२० मध्ये आमचं काम बंद पडायची वेळ आली होती. त्या वर्षी जुलैमध्ये आरोग्य खात्याने सिर्वा तक्त्यातून काढण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांचं म्हणणं, ही इजा लसीची नसून टोचण्याच्या पद्धतीची आहे, मग लसीच्या निधीने ती का सोसावी? काढून टाकलं तर टोचणारे काळजी घेतील. जानेवारी २०२१ मध्ये तसा अंतिम नियमही छापून आला. नव्या सरकारने तो लांबणीवर टाकला आणि २२ एप्रिलला, अमलात यायच्या आदल्या दिवशी, रद्द केला. त्या तीन महिन्यांत आमच्या ऑफिसात दुसरा विषय नव्हता. प्रस्तावातला तर्क मला सरसकट चुकीचा वाटला नाही. सुई चुकीची टोचली गेली ही खरीच गोष्ट आहे. पण उपाय काय, तर प्रत्येक दुखऱ्या खांद्यामागे एका फार्मासिस्टला कोर्टात उभं करायचं? तेही कोविडच्या लशी देण्यासाठी देशभर माणसं गोळा करायची त्याच दिवसांत? टोचणाऱ्याला शिकवायला प्रशिक्षण लागतं, खटल्याच्या धाकाने हात आणखी थरथरतो.

कोविडच्या लसीने खांदा गेलेल्यांना मात्र आम्हाला नाही म्हणावं लागलं. त्या लशी या कार्यक्रमात नव्हत्याच. त्यांच्यासाठीचा कार्यक्रम वेगळा: अर्जाची मुदत लस घेतल्यापासून एकच वर्ष, वेदनेची भरपाई नाही, वकिलाची फी नाही, न्यायालयात अपील नाही. ज्येष्ठांना देतात ती नागिणीची लसही कार्यक्रमाबाहेर, कारण इथे फक्त मुलांसाठी आणि गर्भवतींसाठी शिफारस केलेल्या लशी बसतात. सुई तीच, दंड तोच, इजा तीच. सिरिंजमध्ये काय होतं त्यावर माणसाचा हक्क ठरतो. फोनवर हे समजावून सांगताना माझा आवाज आजही खाली जातो.

मला लोक विचारतात, दिवसभर लसीच्या इजा वाचून तुला भीती नाही का वाटत? मी दर वर्षी फ्लूची लस घेते, मुलांनाही देते. ज्या समाजाला आपल्या मुलांनी लस घ्यावी असं वाटतं, त्याने क्वचित होणाऱ्या इजेचा भार एकट्या इजा झालेल्यावर टाकू नये, इतकंच या निधीमागचं तत्त्व आहे आणि ते मला पटतं. इजा होतच नाही असं ठणकावून सांगणाऱ्यापेक्षा, झाली तर आम्ही आहोत असं म्हणणाऱ्याच्या हातून लस घ्यायला माणूस अधिक विश्वासाने पुढे येतो.

तेव्हा तुम्ही कुठेही असा, लस जरूर घ्या. घेताना बाही पुरती वर जाईल असा कपडा घाला. गळ्याकडून ओढून खांदा उघडा करू देऊ नका. तुम्हीही बसा आणि टोचणाऱ्यालाही बसायला सांगा. सुई फार वर येतेय असं वाटलं तर संकोच न करता तसं म्हणा. आणि चार-पाच दिवसांनीही हात वर जात नसेल, तर डॉक्टरकडे जा, कुठल्या दिवशी, कुठल्या दंडात लस घेतली आणि दुखणं केव्हा सुरू झालं ते सांगा, आणि कागदावर तसंच लिहिलं गेलं की नाही ते बाहेर पडण्याआधी वाचून बघा. आपल्या आया हे आपणहून सांगणार नाहीत. त्यांना विचारा.